सागवानातल्या डव्हटेलला जपानी करवत: रियोबा की दोझुकी?

प्रश्न असा आहे: सागवानाच्या १२ ते १८ मिमी फळ्यांच्या पेट्या आणि ड्रॉवर हाताने डव्हटेल (पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा, एकमेकांत अडकणारा सांधा) करून जोडायचे आहेत. आतापर्यंत ढकलून कापायची टेनन सॉ वापरली. आता जपानी करवत घ्यायची, तर रियोबा (दोन्ही कडांना दात असलेली) की दोझुकी (पाठीवर ताठ कणा असलेली, पातळ पात्याची), इंचाला किती दात, आणि बोथट झाली की धार लावता येते का?

आधी उत्तर, मग कारणं. एकच करवत घ्यायची असेल तर २४० मिमीची रियोबा घ्या. डव्हटेल हेच मुख्य काम असेल तर उभ्या कापाच्या दातांची, म्हणजे तातेबिकी दात असलेली दोझुकी घ्या. मात्र दुकानात ‘फाइन जॉइनरी’ म्हणून सगळ्यात आधी समोर येते ती इंचाला पंचवीस-सव्वीस दातांची दोझुकी डव्हटेलसाठी घेऊ नका. ती करवत उत्तमच असते, पण ती दुसऱ्या कामाची असते.

जपानी करवतींना एकत्र नोकोगिरी म्हणतात. त्यांचे दात हँडलकडे झुकलेले असतात, त्यामुळे काप ओढताना होतो. ढकलताना पातळ पट्टी वाकते, ओढताना ती ताणली जाऊन सरळ राहते. म्हणून पातं पातळ ठेवता येतं: दोझुकीचं साधारण ०.३ मिमी, २४० मिमीच्या रियोबाचं ०.५ मिमीच्या आसपास. दोझुकीची चीर ०.४ ते ०.५ मिमी पडते, तर नेहमीच्या टेनन सॉची १ मिमीच्या जवळपास जाते. अर्ध्या रुंदीची चीर म्हणजे निम्मंच लाकूड काढायचं, त्यामुळे जोरही कमी लागतो. पण पातळ म्हणजे आपोआप अचूक, असं नाही. मनगट कलतं ठेवून ओढलीत, तर करवत तितक्याच सहजपणे तिरकी कापत जाईल.

निवडीचा पहिला प्रश्न ब्रँडचा नाही आणि दातांच्या संख्येचाही नाही. तुमचा काप लाकडाच्या रेषांना, म्हणजे तंतूंच्या दिशेला, समांतर जातो की आडवा, हे आधी ठरवायचं. जपानी शब्द इथे सोपे पडतात: ताते म्हणजे उभं, योको म्हणजे आडवं. तातेबिकी दात रेषांच्या दिशेने चिरायला, योकोबिकी दात रेषा आडव्या तोडायला. डव्हटेलमध्ये तुम्ही फळीच्या टोकातून खाली, रेषांच्या दिशेने कापता. १:६ किंवा १:८ चा उतार धरला तरी कोन ७ ते साडेनऊ अंशांचाच असतो. म्हणजे डव्हटेलचा काप जवळजवळ पूर्ण उभा काप आहे. दोझुकी हे नाव मात्र कुसवाच्या (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणाऱ्या जिभेच्या) खांद्यावरून आलेलं आहे, आणि खांदा कापणं हा आडवा काप. त्यामुळे पारंपरिक दोझुकी योकोबिकी दातांची असते, आणि पाकिटावर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ती तशीच आहे असं समजा.

चुकीच्या दाताने काय होतं ते भिंगातून पाहिलं की लगेच कळतं. दहा पट भिंग घ्या आणि दातांकडे टोकावरून बघा. तातेबिकी दाताचं टोक लहानशा पटाशीसारखं असतं: आडवी सरळ धार, बाजूंना उतार नाही. ते लाकडाचा बारीक कीस काढतं. योकोबिकी दात उंच आणि अरुंद, दोन्ही बाजूंना सुरीसारखी धार, आणि टोकावर तिसरा छोटा उतार. हा तिसरा उतार जपानी आडव्या दाताची खूण आहे. असा दात तंतू दोन्हीकडून तोडतो आणि मधला भाग भुशासारखा बाहेर पडतो. तोच दात उभ्या कापात घातला की तोडायला आडवे तंतूच नसतात. तो खरवडत राहतो, पिठासारखा बारीक भुसा करतो, तो भुसा दातांमधल्या खाचांत दाबून बसतो आणि करवत लाकडाच्या रेषेमागे वळायला लागते. सागवानात रेषा थोडी जरी तिरकी असली तरी काप तिच्या मागे जातो. मग माणूस जोर लावतो, पातं तापतं, आणि शेवटी दोष दिला जातो तो करवतीला.

आता दातांची संख्या. जपानी उत्पादक बहुधा इंचाला किती दात हे न सांगता दोन दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये देतात. २५.४ ला त्या अंतराने भागलं की इंचाला किती दात ते मिळतं: १ मिमी अंतर म्हणजे साधारण २५ दात, १.५ मिमी म्हणजे १७, २ मिमी म्हणजे १२-१३. कामाचा हिशेब मात्र इंचावर करू नका, फळीच्या जाडीवर करा. एका वेळी लाकडात सहा ते बारा दात असावेत. १८ मिमी फळीत १ मिमी अंतराची करवत घातली तर अठरा दात एकदम लाकडात बसतात, खाचा भरतात आणि करवत घसरल्यासारखी पुढे-मागे होते. तिथे १.५ मिमी अंतर घेतलं की बरोबर बारा दात बसतात. १२ मिमीच्या फळीला १.२ ते १.५ मिमी चालेल. ६ ते ८ मिमीच्या लहान पेट्यांना १ मिमीची बारीक करवत शोभते. १२ ते १८ मिमीच्या कामासाठी उभे दात आणि सुमारे १.५ मिमी अंतर ही जोडी शोधा. दात जितके बारीक तितकं काम बारीक, ही समजूत उभ्या कापात फसवते.

लाकडाचाही मुद्दा आहे. जपानी करवतींचे पारंपरिक दात सुगी आणि हिनोकी यांसारख्या मऊ, सरळ रेषांच्या लाकडांसाठी घडलेले आहेत. म्हणून ते लांब आणि निमुळते असतात. पाइन किंवा देवदारात ते लोण्यातून गेल्यासारखे जातात. शिसव, बाभूळ, खैर अशा कठीण लाकडांत, विशेषतः गाठीजवळ, तेच लांब टोक मोडतं. सागवान कठीणपणात मधलं आहे, पण त्यात सिलिका असते, त्यामुळे दात मोडण्यापेक्षा लवकर बोथट होतात. काही उत्पादक कठीण लाकडासाठी वेगळं पातं देतात. त्यात दातांची उंची कमी आणि टोक जास्त भरीव असतं. शिसवात नेहमी काम असेल तर तेच घ्या. प्लायवुड आणि एमडीएफसाठी चांगलं पातं वापरू नका, त्यातला वाळलेला गोंद धार खातो. तिथे उतरलेलं जुनं पातं चालतं.

रियोबाला दोन कडा असतात: एकीकडे उभे दात, दुसरीकडे आडवे. २४० मिमीच्या पात्यावर आडव्या बाजूला साधारण १.६ ते १.८ मिमी अंतर असतं. उभ्या बाजूचे दात बरेच मोठे असतात, आणि बऱ्याच रियोबांत ते हँडलजवळ बारीक आणि टोकाकडे मोठे होत जातात. हे मुद्दाम केलेलं आहे: सुरुवात हँडलजवळच्या बारीक दातांनी करायची आणि चीर पडली की पूर्ण पातं चालवायचं. सुरुवातच मधल्या मोठ्या दातांनी केली तर करवत उड्या मारते आणि फळीची कड फुटते. रियोबाला वर कणा नसल्यामुळे खोलीला मर्यादा नाही. ६० मिमी खोल कुसवाचा गाल, म्हणजे त्याची सपाट बाजू, तिने निघतो, दोझुकीने निघत नाही, कारण दोझुकीचा कणा साधारण ४० ते ५० मिमीवर लाकडाला टेकतो.

रियोबाचा एक दोष खोल कामात दिसतो. पातं चिरेत पूर्ण बुडलं की वरच्या कडेचे दातही चिरेच्या भिंतींना घासतात, कारण तेही डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. दिसणाऱ्या पृष्ठभागावर त्यांचे ओरखडे उमटतात. असं काम वारंवार असेल तर काताबा घ्यावी. ती एकाच कडेला दात असलेली, कणा नसलेली करवत. बाकी प्रकार डव्हटेलसाठी गौण आहेत. कुगिहिकीचं पातं लवचीक असतं आणि दात बाजूला वाकवलेले नसतात. खुंटीचं वर राहिलेलं टोक पृष्ठभागालगत कापायला ती लागते, खोल कापात मात्र लगेच अडकते. अझेबिकीचं पातं आखूड आणि कड गोल असते, फळीच्या मध्यभागी चीर सुरू करायला.

सागवानाचे ड्रॉवर करणाऱ्याने दोन करवती घेतल्या तर जोडी अशी: २४० मिमीची रियोबा फळ्या लांबीला कापायला आणि खोल कापांना, आणि २१० ते २४० मिमीची उभ्या दातांची दोझुकी डव्हटेलला. तिसरी, आडव्या दातांची बारीक दोझुकी, हौस म्हणून नंतर घ्या. खांदे आणि कडेच्या अर्ध्या पिनांचा (पिन म्हणजे डव्हटेलच्या शेपट्यांमध्ये बसणारा दाता) टाकाऊ भाग तिने सुरेख निघतो, पण रियोबाची आडवी बाजूही ते काम पुरेसं करते. काही दोझुकींचे दात उभ्या-आडव्या दोन्हींसाठी मिश्र असतात. एकच दोझुकी ठेवायची असेल तर हा मध्यममार्ग बरा आहे, आणि योकोबिकीपेक्षा डव्हटेलमध्ये नक्कीच चांगला.

धार लावण्याबद्दल. आज मिळणाऱ्या बहुतेक करवतींचं पातं बदलायचं असतं आणि दातांची टोकं विद्युतलहरींनी क्षणार्धात तापवून कडक केलेली असतात. अशी टोकं निळसर-काळपट दिसतात, ही ओळखायची सोपी खूण. ती कानसीइतकी किंवा तिच्याहून कडक असतात, म्हणून कानस त्यावर नुसती घसरते आणि कानसच खराब होते. तेव्हा अशा करवतीला धार लावता येत नाही असंच धरा. बोथट झाली की पातं बदलायचं. टोकं मुद्दाम कडक न केलेल्या, हाताने घडवलेल्या करवतींना धार लावता येते. त्यासाठी चपट्या समभुज चौकोनी छेदाची, धारदार कडांची पातळ कानस लागते. प्रत्येक योकोबिकी दाताचे तीनही उतार एकसारखे काढायचे आणि सगळे दात एका उंचीवर आणायचे. जपानमध्ये मेताते, म्हणजे करवतीला दात काढणं, हा स्वतंत्र धंदा आहे. आपल्याकडे तो माणूस मिळत नाही. त्यामुळे पहिली करवत हाताने घडवलेली घेऊ नका. बदलायचं पातं हेच व्यवहारी.

म्हणून खरेदीआधी सुटं पातं मिळतं का ते बघा. हँडलसकट करवत सहज मिळते, तिचं पातं मात्र मिळत नाही, असं अनेकदा होतं. ह्योगो प्रांतातलं मिकी हे सुतारी हत्यारांसाठी प्रसिद्ध गाव आहे. ग्योकुचो आणि झेड-सॉ हे दोन ब्रँड तिथलेच, आणि दोघांची पाती सुटी मिळतात. करवत मागवतानाच दोन जास्तीची पाती मागवा. एका ब्रँडचं पातं दुसऱ्याच्या हँडलमध्ये बसत नाही, हेही लक्षात असू द्या. हातात आली की पातं खोबणीत घट्ट बसतं का ते तपासा. हँडल धरून पात्याचं टोक हळूच हलवा. सांध्यात कटकट आवाज आला तर काप कधी सरळ येणार नाही. मग एका डोळ्याने पात्याच्या पाठीवरून टोकापर्यंत नजर टाका, लाट दिसता कामा नये. पाकिटावर ‘जपानी पद्धतीची’ असं असेल तर ती जपानी असेलच असं नाही. वाईटच असेल असंही नाही, पण दातांचा प्रकार आणि अंतर लिहिलेलं नसेल तर सोडून द्या. एसके-४ किंवा एसके-५ असं पोलादाचं नाव दिसलं की फार भारून जाऊ नका. ते सुमारे ०.९ टक्के कार्बनचं साधं, चांगलं हत्यारी पोलाद आहे, एवढंच.

वापरात ढकलण्याची सवय पहिल्यांदा आडवी येते. नेहमीचा बेंच हुक, म्हणजे कापताना फळी अडवून धरणारी पाटी, इथे उलटा पडतो: त्याचा अडसर पलीकडे असतो आणि जपानी करवत फळी तुमच्याकडे ओढते. अडसर तुमच्या बाजूला हवा, नाहीतर सरळ क्लॅम्पने आवळा. डव्हटेलसाठी फळी व्हाइसमधून ५०-६० मिमीच वर ठेवा. जास्त वर काढली तर ती थरथरते आणि चिरेची सुरुवात रुंद होते. खाली बसून, पायाने लाकूड दाबून काम करणाऱ्या सुताराला ओढकापाची दिशा लवकर सवयीची होते, कारण ओढ स्वतःच्या वजनाकडे येते.

हँडल मागच्या टोकाजवळ धरा. करंगळी आणि अनामिका घट्ट, बाकीची बोटं सैल. रियोबाला दुसरा हात पुढे लावला तर चालतो, पण जोर मागच्याच हाताचा. आखणी सुरीने करा. आडव्या कापात सुरीच्या रेघेलगत, टाकाऊ बाजूने, पटाशीने एक बारीकसा उतार काढा. पातं त्या खाचेत आपोआप बसतं. डव्हटेलमध्ये अंगठ्याचं नख दातांच्या वर पात्याला टेकवा, हँडलजवळचे दात कडेवर ठेवा आणि करवतीच्या वजनानेच तीन-चार आखूड ओढी घ्या. चीर १ मिमी खोल झाली की लांब ओढ: २४० मिमीच्या पात्यातले निदान १८० मिमी वापरा. जोर ओढतानाच, परत नेताना पातं फक्त तरंगतं. परतीच्या वेळी ढकलून दाबलं तर ०.३ मिमीचं पातं मधोमध दुमडतं. दुमड पडली की ते पातं बारीक कामातून गेलं.

दात ओढताना तुमच्या बाजूने बाहेर पडतात, म्हणून तंतूही तुमच्याच बाजूला फुटतात. ढकलकरवतीत फुटणारी बाजू पलीकडे असते, त्यामुळे जुन्या सवयीने दर्शनी बाजू स्वतःकडे ठेवणारे इथे फसतात. त्या बाजूला सुरीची खोल रेघ हवीच, किंवा फळी फिरवून दर्शनी बाजू पलीकडे करा. भुसाही तुमच्याकडे येतो आणि नेमका रेघेवर बसतो. दर चार-पाच ओढींनंतर फुंकर मारा.

अरुंद चिरेचा आणखी एक परिणाम आधी कुणी सांगत नाही. डव्हटेलमधला टाकाऊ भाग काढायला कोपिंग सॉचं पातं चिरेतून खाली सोडायची सवय असेल, तर ते ०.४५ मिमीच्या चिरेत जातच नाही. सोनाराच्या करवतीचं बारीक पातं वापरा, नाहीतर पटाशीने दोन्ही बाजूंनी निम्मं-निम्मं काढा.

काप सतत एकाच बाजूला जात असेल तर दोष हाताचा की पात्याचा, हे आधी ठरवा. सरळ रेषेच्या पाइनच्या तुकड्यावर ५ मिमी अंतराने दहा रेघा आखा, २५ मिमी खोल कापा आणि मागची बाजू बघा. मग तेच दुसऱ्या हाताने किंवा दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. बाजू बदलली तर दोष हाताचा: बहुतेक वेळा कोपर शरीरापासून बाहेर गेलेलं असतं आणि खांदा, कोपर, मनगट आणि पातं एका रेषेत नसतात. तरीही पात्याच्या त्याच बाजूला जात असेल तर त्या बाजूचे दात जास्त बाहेर वाकलेले आहेत. पातं सपाट लाकडावर आडवं ठेवा, ती बाजू वर, आणि अतिशय बारीक तेलदगड दातांच्या टोकांवरून सपाट धरून एकदाच, वजन न देता फिरवा. पुन्हा कापून बघा. एकदम दोन-तीनदा फिरवलात तर काप उलट बाजूला जायला लागेल आणि चीर इतकी अरुंद होईल की पातं अडकेल.

एखाद-दुसरा दात मोडला तर करवत टाकू नका. त्या जागी हलका धक्का जाणवेल, काप मात्र होत राहील. लागोपाठ तीन-चार गेले की पुढचा दात प्रत्येक ओढीला आपटतो आणि तोही मोडतो, तेव्हा पातं बदला. दात मोडण्याची कारणं बहुधा तीनच: चिरेतून पूर्ण बाहेर आलेलं पातं तिरकं परत घालणं, कापाच्या शेवटी तुकडा सुटताना पातं पिळलं जाणं, आणि लपलेला खिळा. शेवटच्या ५ मिमीला ओढ आखूड करा आणि सुटणारा तुकडा दुसऱ्या हाताने धरा.

सागवानाचा चिकट थर पात्यावर साठतो आणि करवत जड चालते. रॉकेल किंवा टर्पेंटाइनच्या फडक्याने दातांच्या दिशेने, म्हणजे पाठीकडून धारेकडे, पुसा. उलट पुसलं तर फडकं फाटतं, कधी बोटही. जपानी सुतार पात्याला कॅमेलियाचं तेल लावतात. शिलाई मशीनचं तेलही तेच काम करतं, खोबरेल मात्र कालांतराने चिकट होतं. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात करवत तिच्या प्लॅस्टिकच्या म्यानात कोरडी ठेवली तर आतल्या दमटपणाने आठवड्यात तांबडे ठिपके उमटतात. तेलाचा हात फिरवून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, आणि दात कशाला टेकणार नाहीत अशी टांगा.